हिला सगळं कळतं

टॅक्सीवाल्याने खालून दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तरी आजीबाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला, बूट ठेवायच्या फळीशेजारी आम्ही दोघी उभ्या होतो. त्यांच्या पायाशी तपकिरी पिशवी, तिच्यात दोन गाऊन, सपाता, चष्म्याचं घर, दातांची डबी. त्या इस्पितळात निघाल्या होत्या. पोटाचं ऑपरेशन उद्या सकाळी, हे मला माहीत होतं, कारण चार दिवसांपूर्वीच त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून आणि पोटावर हाताने आडवी रेघ मारून ते समजावलं होतं. पण आता जे चाललं होतं ते ऑपरेशनचं नव्हतं. एकेक शब्द निवडून, मध्ये थांबून, माझ्या डोळ्यांत बघून त्या बोलत होत्या, आणि अधूनमधून मागे वळून स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या खणाकडे बोट दाखवत होत्या. दीड मिनिट, दोन मिनिटं. त्यातले मला चार शब्द सापडले: कृपया, फक्त, तू, आणि पुन्हा एकदा कृपया. मग त्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "कळलं ना?" हा प्रश्न मात्र मला चार महिन्यांत अगदी पक्का कळायला लागला आहे. मी म्हणाले, "ताक, ताक. दोब्झे." म्हणजे हो, हो, ठीक आहे. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी माझं डोकं खाली ओढलं, कपाळाचा मुका घेतला, आणि एक्याऐंशी वर्षांची ती बाई तीन जिने अशा हलक्या पावलांनी उतरून गेली, की ऑपरेशन जणू होऊनसुद्धा गेलं होतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो बसमध्ये. त्या काय म्हणाल्या ते नव्हे. मी काय केलं ते. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या लहान मुलीला काहीतरी बजावत होती आणि मुलगी मान हलवत होती, अगदी माझ्यासारखी. मी वचन देऊन बसले होते. कशाचं, ते मला माहीत नव्हतं. ऑपरेशनला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाने जाता जाता मनगट धरून मागितलेलं काहीतरी मी देऊन टाकलं होतं, आणि ते माझ्याकडे आहे की नाही हेसुद्धा बघितलं नव्हतं. उतरावं, टॅक्सीमागे धावावं, असं मनात आलं. मी उतरले ते नेहमीच्याच थांब्यावर, भाषासंस्थेसमोर, आणि नेहमीसारखी जिना चढून वर्गात जाऊन बसले.

वर्गात आम्ही अकरा जण आणि सगळे पाच वर्षांचे. माझ्या शेजारी बसणारा माणूस त्याच्या देशात हृदयाचा डॉक्टर आहे, माणसांच्या छात्या उघडून परत बंद करतो, इथे तो रोज सकाळी उभा राहून सांगतो की हा दिवा आहे आणि ती खिडकी आहे, आणि बाई "छान!" म्हणाल्या की कानापर्यंत लाल होतो. मी एकतीस वर्षांची. गावच्या ग्रंथालयात आठ वर्षं फाटक्या पुस्तकांना खळ लावली, पानांना जपानी कागदाचे टेकू दिले, आणि कुणीतरी सांगितलं की परदेशात याचं रीतसर शिक्षण मिळतं, तर अर्ज केला आणि आले. पण आधी आठ महिने पोलिश, मग परीक्षा, मग कुठे कागदाला हात. आई फोनवर विचारते, "आली का गं भाषा?" भाषा म्हणजे जणू कामवालीच, अजून कशी आली नाही. पहिल्या आठवड्यात तिला सांगितलं, की इथे होयला ताक म्हणतात, तर ती हसून हसून खुर्चीतच लवंडली. "मग नाहीला काय, मठ्ठा?" त्या दिवशी दोघी खूप हसलो. हल्ली मला त्या शब्दाचं हसू येत नाही. इथे आल्यापासून सर्वांत जास्त वापरलेला शब्द तोच, आणि शपथेवर सांगते, शंभरातल्या नव्वद वेळा तो खोटा होता.

बाईंनी पहिल्याच तासाला दोन वाक्यं फळ्यावर लिहिली होती: मला समजतं, मला समजत नाही. दोन्ही आम्ही एकसाथ म्हटली. दुसरं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही. मुद्दाम ठरवून नव्हे, पण दुकानातली मुलगी पिशवी हवी का विचारते तेव्हा मागे रांग असते, ड्रायव्हर काहीतरी सांगतो तेव्हा सगळी बस बघत असते, आणि "समजत नाही" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला बघवत नाही. तो राग नसतो, राग परवडला. दारावर चुकीचा माणूस उभा आहे हे कळल्यावर लोक ज्या सौजन्याने दार लोटतात, ते सौजन्य असतं. त्यापेक्षा नंदीबैल बरा. गुबुगुबु मान हलवायची, लोक खूश, आपण पुढच्या दाराला. घरीही लहानपणापासून मला शहाणी म्हणायचे, आणि आमच्या घरात शहाणी म्हणजे जिला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही ती. भाऊ शंभर प्रश्न विचारायचा आणि धपाटे खायचा. मी "हो" म्हणायचे आणि मग मागच्या अंगणात जाऊन विचार करत बसायचे, की नक्की काय करायला सांगितलंय.

आजीबाई घरमालकीण. मनातल्या मनात मी त्यांना आजीबाई म्हणते, तोंडाने काही म्हणतच नाही. संध्याकाळी सहाला त्या चहाचे दोन पेले ओट्यावर ठेवत आणि समोरच्या खुर्चीकडे हनुवटीने खुणावत. पहिले पंधरा दिवस शिकवणी चालली: पेला, चमचा, मीठ, माझं नाव, तुझं नाव. मी मोबाईल पुढे केला, यात बोला, तो भाषांतर करतो, तर त्यांनी तो दोन बोटांनी धरून पालथा ठेवला आणि माझ्या गालाला हात लावून, "मी तुझ्याशी बोलते आहे," असं काहीतरी म्हणाल्या. बहुतेक असंच. मग एका संध्याकाळी त्यांनी एक वाक्य जरा लांब केलं. मी मान हलवली. त्यांनी आणखी लांब केलं. मी हसले, कारण त्या हसल्या होत्या. आणि त्या दिवसापासून धरण फुटलं. रोज तासभर, कधी दोन तास त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. कुठे भुवया उंचवायच्या, कुठे "च्" करायचं, कुठे पेला खाली ठेवून थांबायचं, हे आवाजाच्या चढउतारावरून कळतं. त्यासाठी शब्द लागत नाहीत. एकदा त्या रडल्या. एक शब्द पुन्हापुन्हा येत होता, कुणाचं तरी नाव असावं, त्यावर त्यांचा आवाज अडला आणि त्या उठून धुतलेले पेले पुन्हा धुवायला लागल्या. मी मागून जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात खरा होता, एवढं मी आजही म्हणेन. पण गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय! त्या बाईचं सगळं आयुष्य मी ऐकलंय आणि मला त्यातलं काही माहीत नाही. तिला मुलं किती, नवरा कधी गेला, ते नाव कुणाचं, काही नाही. एखादं पुस्तक अक्षरही न वाचता नुसती पानं चिकटवून परत द्यावं, तसं. तसंच तर करायचे मी आठ वर्षं. आणि तिला मात्र वाटत होतं, की या जगात आपलं सगळं कळलेलं एक माणूस आता घरातच राहतं.

त्या दिवशी वर्गात धडा आजाराचा होता: डोकं दुखतं, घसा दुखतो, मला डॉक्टरकडे जायचं आहे. हृदयाचा डॉक्टर रुग्ण झाला आणि मी डॉक्टर. "कुठे दुखतं?" मी विचारलं. "इथे," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि वर्ग हसला. मला बाबा आठवले. अर्धांगाचा झटका आल्यावर बाबांची वाचा गेली म्हणतात तशी पुरती गेली नव्हती. तीन-चार आवाज उरले होते, आणि ते त्या आवाजांत तासन् तास बोलत. आम्ही तिघं, आई, भाऊ आणि मी, खाटेभोवती बसून म्हणायचो, हो, हो, कळलं. त्यांना ते कळायचं, की आम्हाला कळत नाही. त्यांनी उजव्या हाताने एकदा पेज भरलेली वाटी भिंतीवर फेकली होती, भिंतीवरून पेज ओघळत होती आणि भाऊ म्हणत होता, "हो बाबा, कळलं, पेज नको." शेवटच्या आठवड्यात एका दुपारी घरात मी एकटीच असताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हवेत बोटाने काहीतरी काढत बराच वेळ ते आवाज केले. डोळे माझ्यावर रोखलेले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "हो बाबा. करते. नक्की करते." आणि ते थांबले. खांदे सैल झाले, कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. पाच दिवसांनी गेले. आई अजून येणाजाणाऱ्याला सांगते, "ही हो म्हणाली म्हणून सुटले बिचारे." मी काय करणार होते ते मला आईने कधी विचारलं नाही. तिला वाटतं, ते आम्हा बापलेकीतलं काहीतरी आहे. सुरुवातीला मला त्या शब्दाचा अभिमान वाटायचा. बघा, किती साधा, किती स्वस्त, आणि माणूस शांत झोपतो. नंतर नंतर रात्री जाग यायला लागली.

तास संपल्यावर मी बाईंना गाठलं. वर्गाबाहेर त्या थोडं इंग्रजी बोलतात, आपलं बोलणं कुणी ऐकू नये अशा आवाजात. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखव." मी डोळे मिटून आठवायला लागले, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मलाच लाज वाटली. सूर होता, थांबे होते, शब्द नव्हते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे काहीच नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच चेहऱ्यावर खंत आली. "तू इतके महिने हो म्हणत होतीस? मला वाटायचं, तुझी घरमालकीण बोलते म्हणून तुझं ऐकणं चांगलं झालंय. वर्गातही तू मान हलवतेस." मुकाट्याने ऐकून घ्यायचं असतं ते मला चांगलं जमतं. मग बाईंनी एका कागदावर तीन वाक्यं लिहून दिली. तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मला ते समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा, हळू. जिन्यात उभं राहून त्यांनी ती माझ्याकडून वीस वेळा म्हणून घेतली, दुसरं वाक्य जास्त वेळा. "शुक्रवारी मी मोकळी आहे. येऊ तुझ्याबरोबर?" मी म्हणाले, नको, जमेल मला. हाही शहाणपणाच.

घरी येऊन ओट्याचा तो खण उघडला. सुतळी, मेणबत्त्या, तीन किल्ल्या, बंद पडलेलं घड्याळ, बटणांची डबी, औषधाच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी फोननंबरांची वही, कातडी बांधणीची, शिवण उसवलेली. माझ्या हाताने सवयीने आधी ती शिवण चाचपली. मग पानं उलटली. दर पानावर सात-आठ नावं, निळ्या शाईची, काळ्या शाईची, पेन्सिलीची; निम्म्याहून जास्त नावांवर काट मारलेली. मी ओट्याशी बसून त्या नावांकडे बघत राहिले. यातलं एखादं असेल. किंवा किल्ल्यांचं असेल. किंवा औषधाचं. आजीबाईंनी वेगळं काही काढून ठेवलं नव्हतं, चिठ्ठी लिहिली नव्हती, कारण ती लिहायची गरजच काय होती? सगळं समजावून सांगितलेलं होतं. बुधवारी मी इस्पितळात फोन केला. ऑपरेशन झालं, ठीक आहे, शुक्रवारी भेटता येईल, एवढं तिकडच्या माणसाने माझ्यासाठी पाच वेळा म्हटलं. गुरुवारी मी खिडक्या पुसल्या, कुंड्यांना पाणी घातलं, दिसेल ते काम केलं. न जाणो, यातलंच एखादं मागितलेलं असायचं. करता करता म्हणत होते, मला ते समजलं नाही, मला ते समजलं नाही. वाक्य इतकं सफाईदार झालं, की आपल्याला ही भाषा येते असं क्षणभर वाटून गेलं.

शुक्रवारी चारला मी इस्पितळात पोहोचले. दोन खाटांची खोली, आजीबाई दाराकडच्या खाटेवर, उशीत रुतलेल्या. दात काढलेले, त्यामुळे चेहरा लहान मुलाचा झाला होता. पलीकडे त्यांच्याच वयाची एक बाई विणत बसली होती. मी आत आले आणि आजीबाईंचा चेहरा असा फुलला, की माझं पहिलं वाक्य ओठावर आलेलं तसंच राहिलं. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला, खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आता. पण त्या शेजारणीकडे वळल्या होत्या. त्यांना फार बोलवत नव्हतं, दम लागत होता, म्हणून वाक्यं आमच्या पहिल्या पुस्तकातल्यासारखी आखूड निघत होती, आणि काय सांगू, मला एकूण एक शब्द समजत होता. "ही माझ्याकडे राहते," त्या म्हणाल्या. "परदेशी आहे. विद्यार्थिनी." मग एक श्वास घेऊन, लेकीचं कौतुक सांगावं तशा आवाजात, "पण हिला सगळं कळतं." शेजारणीने विणकाम खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि कौतुकाने मान डोलावली. माझी तीन वाक्यं घशात होती, एकही उच्चार चुकला नसता. आजीबाईंनी माझ्याकडे तोंड केलं. हाताची पकड घट्ट झाली. त्यांनी आवाज खाली आणला.

"मग? केलंस?"

एवढंच. वर्गातल्या बाई म्हणायच्या, पहिल्यांदा समोरच्याचं बोलणं पूर्ण कळतं तेव्हा फार आनंद होतो, बघाल. मला दिसत होतं, की त्यांची हनुवटी थरथरते आहे. तीन दिवस त्या या एका उत्तराची वाट बघत होत्या, बरं होण्याची नव्हे. नाही म्हणायला हवं होतं. नाही हा शब्द त्यांच्याही भाषेत छोटाच आहे.

"ताक," मी म्हणाले.

"कधी?"

"काल."

दिवसांची नावं, काल, आज, उद्या, हा धडा मला चांगला येतो. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं, आता झोपतील. मी हात सोडवून घ्यायला लागले. पण डोळे लगेच उघडले, आणि ते आता माझ्याकडे बघत नव्हते, माझ्यातून पलीकडच्या कुणाला तरी शोधत होते.

"आणि ती?" त्यांनी विचारलं. "ती काय म्हणाली?"

म्हणजे ती होती. कुणीतरी ती होती, त्या वहीतल्या नावांपैकी एक, कदाचित पेले धुवायला लावणारंच नाव, आणि तिला मी काहीतरी विचारायचं होतं किंवा सांगायचं होतं, फक्त मी, कृपया. या प्रश्नाला मान हलवून भागत नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर द्यायला खरोखर काहीतरी माहीत असावं लागतं. शेजारीणही बघत होती. खोली ऊबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळीची बारीक शीळ चालली होती. मी आजीबाईंच्या दात नसलेल्या तोंडाकडे बघितलं, ते अर्धवट उघडं होतं, आणि माझ्या तोंडून माझ्याच आवाजात, अगदी स्पष्ट उच्चारात निघालं,

"ती हो म्हणाली."

आजीबाईंच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं, आणि ते पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. मग त्या शेजारणीकडे वळून भराभरा बोलायला लागल्या. दम लागत होता तरी बोलत होत्या, आणि आता मला परत काही समजेना. शेजारणीला समजत होतं. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा तिचेही डोळे भरले होते. काहीतरी फार मोठं होतं ते, कितीतरी वर्षांचं, एवढं मला त्या अनोळखी बाईच्या तोंडावरून कळलं. काय, ते नाही. मी म्हणायला सुरुवात केली, "मला ते…" पण माझा आवाज कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही तो फार मोठा काढला नव्हता.

मग आजीबाईंनी वेळ विचारली. चार वाजून वीस मिनिटं, मी बरोबर सांगितलं. भेटायची वेळ सहापर्यंत. त्यांनी घंटा दाबून नर्सला बोलावलं, उशी उंच करून घेतली, पिशवीतली दातांची डबी मागितली, आणि कंगवा. हात वर जाईना, तेव्हा तो माझ्या हातात दिला. मी त्यांचे विरळ पांढरे केस विंचरले, मागे वळवून कानामागे बसवले. त्यांनी हाताने चाचपून बघितलं, गाऊनची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि दाराकडे तोंड करून ताठ बसल्या. बाहेरून पावलं वाजली की मान पुढे व्हायची, पावलं पुढे निघून गेली की परत मागे टेकायची. शेजारीण उठली, स्वतःच्या खाटेजवळची रिकामी खुर्ची तिने उचलून आमच्या बाजूला आणून ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. खुर्ची जरा तिरकी होती. मी उठून ती नीट लावली, आत येणाऱ्या माणसाला आजीबाईंचा चेहरा समोर दिसेल अशी.